गुंग्याने गुंग्याला चीत केले

तोंडाने सांगायला बसलं की माझं निम्मं राहून जातं. परत आले त्या दिवशी आईने विचारलं, नंतर थोरल्या जाऊबाईंनी निरोप पाठवून विचारलं, आणि दोघींना मी एवढंच सांगितलं की जाऊन आलो, काम झालं. ते कसं झालं ते आता सवडीने या वहीत लिहिते. दोघींपैकी कोणी कडा गावाच्या पुढे गेलेलं नाही. आईला मी वाचून दाखवीन, जाऊबाईंना त्यांचा मुलगा दाखवील. बाकी कोणी वाचू नये. नगरला मामांकडे राहून मी चौथी झाले, तेवढ्या जोरावर लिहिते आहे.

निघण्याआधी

किसन माझ्या पाठचा. जन्मापासून ऐकू येत नाही, म्हणून बोलताही येत नाही. लहानपणी आम्ही दोघं एका अंथरुणात निजायचो, त्यामुळे त्याच्या हातांचं बोलणं मला जसं कळतं तसं घरात कोणालाच कळत नाही. गावच्या तालमीत तो बारा वर्षांचा असताना शिरला. तिथे सगळेच हातांनी बोलतात. तालमीबाहेर त्याला मुका म्हणतात, तालमीत पैलवान म्हणतात.

या चैत्रात धारूरच्या घाटाखाली एका तालुक्याच्या गावी उरूस भरला. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथल्या तहसीलदारसाहेबांना हौस आली की जे ऐकत नाहीत, बोलत नाहीत अशा पैलवानांच्या वेगळ्या कुस्त्या लावायच्या. आठ गावच्या पाटलांना हुकूम गेले, आपापला गुंगा पाठवा. साहेब पूर्वी आमच्या बाजूला होते, त्यांनी किसनला पाहिलं होतं, म्हणून एवढ्या लांबून त्यालाही बोलावणं आलं. आमचे चुलते बापूकाका त्याला गाडीतून घेऊन गेले. येताना किसन हिरवा फेटा बांधून आला. आईने त्याची दृष्ट काढली.

दसरा झाला आणि पाटलांकडे उर्दूत हुकूम आला. उरुसात एका गुंग्याने दुसऱ्या गुंग्याचा हात मोडला, पंचांनी सांगूनही सोडला नाही, सबब त्याला कोणत्याही फडात आणि तालमीत उतरू देऊ नये. पाटील दारात उभे राहून आईला म्हणाले, "वैनी, मला काय हौस हाय का? पर सरकारी कागद हाय. वस्तादालाबी मी तसंच सांगितलं."

तेव्हापासून किसन तालमीच्या बाहेर दगडावर बसायचा. आत शड्डू ठोकले की त्याला ऐकू यायचे नाहीत, पण तो भिंतीला पाठ लावून बसायचा आणि भिंतीतून ते त्याच्या अंगात यायचे. आईने मला सासरहून बोलावून घेतलं. तो जेवेना.

मी बापूकाकांना विचारलं, "हात कोणी मोडला? तुम्ही तिथे होता ना?"

"हुतो की. पर कुस्तीच्या वक्ताला बैलं पाण्यावर घेऊन गेलतो," काका म्हणाले. "आलो तवा फेटा बांधून उभा हुता. मला काय सपान पडतंय का?"

म्हणजे घरातल्या कोणीच पाहिलं नव्हतं. किसनला विचारलं तर त्याने हात पिळून दाखवला, कपाळाला हात लावला, डोळे मिटले. मी त्याचा अर्थ घेतला की असं काहीतरी वाईट तिथे घडलं. कोणी केलं हे मी पुन्हा विचारलं नाही. विचारायची भीती वाटली असं आता लिहायला हरकत नाही.

बंदी उठवायला साहेबांच्या कचेरीत जायचं ठरलं, आणि तिथे कोणीतरी त्याच्या हातांचं बोलणं समजावून सांगायला हवं होतं. म्हणून मी.

पाटोद्याची वाट

आम्ही कार्तिकात निघालो. गाडीत कडब्याच्या पेंढ्या, त्यावर घोंगडी, तिच्यावर मी. किसन बहुतेक वाट पायीच चालला. त्याच्याजवळ एक फडक्यात बांधलेलं मडकं होतं, ते तो गाडीत ठेवू देईना. त्यात तूप आहे हे वासावरून कळत होतं. मला वाटलं आईने कचेरीतल्या कोणासाठी दिलं असेल. काकांना वाटलं मी दिलं असेल.

आमच्याकडची जमीन उघडी, माळाची. पाटोद्याकडे जाताना ती आणखी उघडी होते. वीत-दीड वीत ज्वारी आली होती आणि पाऊस कमी म्हणून पानांची टोकं पिवळी पडली होती. वाटेत बायका भेटल्या की ओळख नसताना थांबून विचारायच्या, "कुणाच्या तुमी? कुठं निघाला?" नगरच्या रस्त्यावर असं कोणी विचारत नाही. मी मान खाली घालायची आणि काका पुढे होऊन सांगायचे, "परळीच्या वैजनाथाला." कचेरीला जातो असं सांगायची त्यांना लाज वाटत होती.

मी मनाशी एकच वाक्य घोकत होते. "माझ्या भावाने हात मोडला नाही, साहेब." हे वाक्य मला पुरुषांनी भरलेल्या कचेरीत मोठ्याने म्हणायचं होतं. गाडीच्या चाकाबरोबर मी ते म्हणत राहिले, आणि चाक दगडावरून गेलं की वाक्य तुटायचं, मग पुन्हा सुरुवातीपासून. नवऱ्याच्या थोरल्या भावाशीसुद्धा मी दाराआडून बोलते. साहेबांनी उलटून काही विचारलं तर पुढचं वाक्य माझ्याजवळ नव्हतंच.

मांजरसुंब्याच्या पुढे

तिसऱ्या दिवशी चाकाची खीळ पडली आणि चाक निम्मं बाहेर आलं. गाडी कलली, मी पेंढ्यांसकट खाली आले. लागलं नाही, पण पाण्याचा डेरा फुटला. काकांनी बैलांना, रस्त्याला आणि मला सारख्याच शिव्या दिल्या. किसनने एकट्याने गाडी खांद्यावर उचलून धरली आणि काकांनी चाक बसवलं. खिळीच्या जागी बाभळीची काडी ठोकली. एवढी ताकद पाहून एरवी मला अभिमान वाटला असता. त्या दिवशी मी नुसती त्याच्या खांद्याकडे बघत राहिले. हे हात कोणाचा हात मोडू शकतात, यात काही शंका नव्हती.

पाणी मागायला जवळच्या वस्तीवर गेले. तिथल्या बाईने पाणी दिलं आणि वर बसवून भाकरी, येसराची आमटी वाढली. आमच्याकडे येसर मसाला करतात तो फिका; इथला नाकातून पाणी काढणारा. बाई म्हणाली, "लई तिखट लागलं व्हय? खावा, थंडीत बरं असतंय." मग किसनकडे बघून विचारलं, "पैलवान हाय का?"

मी हो म्हणाले.

"कुठं खेळतो?"

काकांनी वैजनाथाचं सांगून वेळ मारून नेली.

धारूर

धारूरच्या अलीकडे डोंगर सुरू होतात. जाऊबाईंना सांगायचं म्हणजे आपल्याकडे सीताफळ बाजारात येतं तेव्हा कुठून येतं हा प्रश्न पडतो; ते इथून येतं. बांधाला, दगडात, कोणी न लावता झाडंच झाडं. हंगाम सरत आला होता तरी किसनने उपरणंभर फळं आणली. आम्ही किल्ल्याच्या खालच्या बाजूला बसून खाल्ली. किल्ला काळा, मोठा. काकांना तो बघायला वर जायचं होतं. मी म्हणाले, आधी काम. काका म्हणाले, "तुझं काम काय पळून चाललंय का?" पण गेले नाहीत.

घाट उतरताना मी डोळे मिटून बसले. बैल मागे रेलत होते, काका जू धरून पुढे उलटे चालत होते. खाली पोचल्यावर डोळे उघडले तर किसन माझ्याकडे बघून हसत होता. पंधरा दिवसांत पहिल्यांदा. मला कळेना याला कशाचा आनंद होतो आहे.

कचेरीचं दार

पाचव्या दिवशी सकाळी कचेरीसमोर गाडी सोडली तर दार बंद. बाहेर पहाऱ्यावरचा एक म्हातारा जवान दातण करत बसला होता.

"आज काय कामकाज?" तो म्हणाला. "आज जुम्मा हाय."

मी नगरच्या हिशेबाने रविवार टाळून निघाले होते. निजामाच्या मोगलाईत सुटी शुक्रवारी असते हे मला माहेरी वाढूनही आठवलं नव्हतं. एक दिवस आणखी घोकत बसायचं या विचाराने मला रडू यायला लागलं.

जवानाने कामाबद्दल विचारलं. काकांनी हळूच सांगितलं, तसा तो दातण काढून हसायला लागला. "गुंग्याचा हुकूम व्हय? आठ गावांस्नी गेलाय की त्यो! कुणी मोडला ते कुणाला ठावं? म्हनून पेशकारसायबांनी आठींनाबी बंदी करून टाकली. हात मोडलेला त्यो लिंबाजी, हितं कोसावर ऱ्हातोय, त्यालाबी हुकूम गेला!"

"ज्याचा मोडला त्यालासुद्धा?" मी विचारलं. परक्या माणसाशी मी आपण होऊन बोलले हे नंतर लक्षात आलं.

"मग? त्योबी गुंगाच न्हवं का?"

किसन आमच्या तोंडाकडे बघत होता. जवानाने हात मोडल्याची खूण केली आणि लिंबाजीच्या घराच्या दिशेला बोट केलं. किसनने लगेच मडकं उचललं आणि त्या वाटेला लागला. आमच्यासाठी थांबलासुद्धा नाही.

लिंबाजीचं घर

लिंबाजी धनगर. घरापुढे माग होता, त्यावर अर्धवट घोंगडी. तो उंबऱ्यात बसून लोकर पिंजत होता, डाव्या हाताने. किसनला बघून तो उठला. मला वाटलं आता मारामारी होते.

किसनने मडकं खाली ठेवलं, वाकला, लिंबाजीच्या पायांना हात लावला. लिंबाजीने त्याला दंडाला धरून उठवलं. मग किसनने त्याचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि कोपरापासून खांद्यापर्यंत चाचपून पाहिला, वस्ताद बघतात तसा. हाड वाकडं बसलं होतं. हात खांद्याच्या वर जात नव्हता. किसनने मडक्याचं फडकं सोडलं, तूप बोटांवर घेतलं आणि तिथेच बसून त्याचा हात चोळायला लागला.

लिंबाजीची बायको दारात आली. ती काकांना म्हणाली, "ह्योच त्यो. ह्यानंच मोडला. सात म्हैनं झाले माग बंद हाय." मग माझं तोंड बघून तिचा आवाज जरा उतरला. "आमच्या मनात काय न्हाई, ताई. फडात उतरल्यावर हुतंय. पर धनी तालमीत नुसता बसायचा तर त्येलाबी उठवत्यात. त्यो घरात बसून घर डोक्यावर घेतोय. तुमी कचेरीला आलाव तर आमच्याबी हुकमाचं बघा."

मी तिथे धुळीत बसले. पाच दिवस जे वाक्य घोकलं ते खोटं होतं.

किसन आणि लिंबाजी हातांनी बोलत होते. इतक्या भरभर की मला धड एक शब्दही धरता येईना. घरी किसन माझ्याशी बोलतो ते किती सावकाश, लहान मुलाशी बोलावं तसं, ते मला तेव्हा समजलं.

परतीच्या वाटेवर मी त्याला थांबवलं आणि विचारलं, आपण इथे कशाला आलो असं तुला वाटतं? त्याने लिंबाजीच्या घराकडे बोट केलं. मग चोळल्याची खूण. मग कचेरीकडे बोट आणि दोन्ही हात पसरून प्रश्न: किती दिवस? म्हणजे बंदी कधी उठेल ते विचारायला. मी विचारलं, हात तू मोडलास? त्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्याला त्याचं नाव विचारते आहे. आठशे माणसांनी पाहिलं, त्यात लपवायचं काय? कपाळाला हात लावून डोळे मिटून त्याने हेच मला घरी सांगितलं होतं. मी मला हवं तेवढं समजून घेतलं.

बापूकाका मागून आले. "ऐक," ते म्हणाले. "जवान काय म्हनला? कुणी मोडला ते लिवलेलं न्हाई. लिवलंच न्हाई तर तू कावून सांगतीस? तू आपलं ते पाठ केल्यालं बोल आन् मोकळी हो. पोराचा जलम हाय."

खरं तर मला त्यांचं पटलं होतं.

कचेरी

दुसऱ्या दिवशी अर्ज लिहिणाऱ्याकडून अर्ज लिहून घेतला आणि दुपारपर्यंत ओसरीवर बसलो. आत बोलावलं तेव्हा मी पदर कपाळापर्यंत ओढला होता, मला फक्त पेशकारांच्या समोरचं मेज दिसत होतं. दऊत, वाळूची डबी, आणि उरुसाचं बाड.

पेशकार म्हणजे साहेबांचे वरचे कारकून; वयस्क, बोलायला वाईट नव्हते. त्यांनी बाड उघडलं, उजवीकडून बोट फिरवलं आणि वाचलं. "पैली कुस्ती. गुंगे ने गुंगे को चित किया. दुसरी कुस्ती. गुंगे ने गुंगे को चित किया. तिसरी कुस्ती. गुंगे ने गुंगे को चित किया. चौथी..." इथे ते थांबले. "चौथीत गुंगे ने गुंगे का हाथ तोडा, मना करने पर भी नहीं छोडा."

"आन् नावं?" काकांनी विचारलं.

"नाम कौन पूछेगा, और बोलेगा कौन?" पेशकार म्हणाले. "नावाच्या खान्यात गुंगा. बापाच्या खान्यात नामालूम. मी नव्हतो तिथं. जमादार पंच होता, त्यानं सांगितलं, कारकुनानं उतरवलं, साहेबांनी सही केली."

"कोणी परत तपासलं नाही?" हे मी म्हणाले, पण इतक्या हळू की कोणालाच ऐकू गेलं नाही.

पेशकारांनी कलम हातात घेतलं. "तर तुमचा अर्ज असा, की हा तो गुंगा नव्हे. बरं. दोघा जणांचे अंगठे द्या, हा तो नव्हे म्हणून. मी याचा हुकूम खारीज करतो. बाकीचे सात येतील तेव्हा बघू."

एवढं सोपं होतं. काका पुढे सरकले. "देतो की, सायब. आमचा पोरगा गाईवानी गरीब हाय, त्यो कुणाला..."

"त्यानेच मोडला," मी म्हणाले.

"क्या?" पेशकार म्हणाले.

"त्यानेच मोडला."

"बाई, जोरात बोल. मी बी थोडा बहिराच आहे."

"माझ्या भावाने मोडला!" माझा आवाज ओसरीपर्यंत गेला असणार, कारण बाहेरचं बोलणं थांबलं. एकदा तोंड उघडलं आणि मग मला बंद करता येईना. "त्याचं नाव किसन. बापाचं नाव रंगनाथ. ज्याचा मोडला त्याचं नाव लिंबाजी, तो इथून कोसावर राहतो, त्यालाही तुम्ही बंदी केली आहे. बाकीच्या सहांनी काहीच केलेलं नाही. त्यांची नावं मला माहीत नाहीत, त्यांच्या पाटलांना विचारा. आणि पंचांनी मना केलं असेल तर ते तोंडाने केलं असेल. ऐकू येत नाही म्हणूनच बोलावलं होतं ना त्यांना?"

काकांनी कपाळावर हात मारला. तो आवाज मला ऐकू आला. किसन माझ्या तोंडाकडे बघत होता. आपलं नाव आलं एवढं त्याला कळलं असावं.

पेशकारांनी बाडातली चौथी ओळ पुन्हा बोटाखालून घातली. मग म्हणाले, "बाई, तुझं ऐकून मी सात हुकूम मागे घेतो. साहेबांची सही मी आणतो. पण याची बंदी राहणार. पुढच्या दसऱ्यापर्यंत. मंजूर?"

मी मान हलवली. एक वर्ष. ते मीच मागून घेतलं होतं.

"आणि पुढच्या उरुसात पंचानं काय करायचं? गुंग्याला सोड म्हणून कसं सांगायचं? तू सांग, मी लिहितो. याच साहेबांची हौस आहे, कुस्त्या पुन्हा लागणारच."

माझ्या मनात जे पहिलं आलं ते मी बोलले. "पाठीवर थाप मारावी."

"ठीक. पाठीवर दोन थापा," पेशकारांनी लिहिलं, आणि मला सगळं वाचून दाखवलं. किसन वल्द रंगनाथ. लिंबाजी वल्द अमुक, ती जागा त्यांनी मोकळी ठेवली. दोन थापा. मला उर्दू येत नाही, तेव्हा त्यांनी वाचलं तसंच लिहिलं आहे असं धरून मी बाहेर आले.

घाटाच्या पायथ्याशी

काका माझ्याशी बोलत नव्हते. बैलांशी बोलत होते. "चला रं राजा, आमच्याकडं शहाणी मानसं लई झाली." घाटाच्या पायथ्याला भाकरी सोडली. मी किसनला एक पावसाळा दाखवला, एक बोट. त्याने बोटाकडे बघितलं, घास गिळला, मान हलवली. चेहऱ्यावरून मला काही वाचता आलं नाही, आणि आता स्वतःच्या वाचण्यावर माझा भरवसा राहिला नव्हता.

त्याला बरं वाटावं म्हणून मी दुसरी गोष्ट सांगितली. पंच, यापुढे, सोड म्हणायला, असं करील. मी त्याच्या पाठीवर दोन थापा मारल्या.

किसन चावायचा थांबला. त्याने मला पुन्हा करायला लावलं. मग तो उठला, गाडीतून कडब्याची पेंढी ओढली, तिच्यावर पालथा पडला आणि तिला असं आवळलं की जणू ती पेंढी कोणाचा तरी हात आहे. माझा हात धरून आपल्या पाठीवर नेला. मार.

मी थाप मारली. त्याने आणखी दाबलं. पुन्हा मारली. कडब्याची ताटं कडकड मोडली.

मी घाबरून हात मागे घेतला. त्याने वर बघून हनुवटीखाली दाढी काढून दाखवली, म्हणजे पंच झालेला जमादार. जमादाराने पाठीवर थाप मारली. मग मिशांवर हात, म्हणजे आमचे वस्ताद. वस्ताद थाप कधी मारतात? डाव चांगला बसला की. शाबास, दाब आणखी.

त्याला पंचाने सांगितलं होतं. पाठीवर थापा मारून सांगितलं होतं. म्हणून हात मोडला.

"काका," मी विचारलं, "तालमीत पाठीवर थाप म्हणजे काय?"

"शाबासकी," काका घास तोंडात ठेवून म्हणाले. "शेंबड्या पोरालाबी म्हाईत हाय."

"मग मी कचेरीत सांगत होते तेव्हा तुम्ही का बोलला नाहीत?"

"मला कुनी इचारलं?" काका म्हणाले. "तू बोलतीस, सायब लिवतोय. ज्याची पाठ त्यालाबी कुठं इचारलं तुमी?"

तो माझ्या शेजारीच उभा होता. हातभर अंतरावर. नाव विचारलं नाही म्हणून मी पेशकारांना बोलले होते, आणि मी त्याला थाप विचारली नव्हती. त्या बाडात आता जे लिहिलं होतं ते पुढच्या उरुसात कोणाचा तरी हात मोडणार होतं, आणि ते माझ्या तोंडून गेलं होतं.

"गाडी फिरवा," मी म्हणाले.

"येडी का काय! घाट चढायचाय, ऊन उतरायच्या आत..."

"गाडी फिरवा, बापूकाका."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग उठून बैल जुंपले.

पुन्हा कचेरी

आम्ही पोचलो तेव्हा पेशकार बाड बांधत होते. "अब क्या?" ते म्हणाले. "अजून कोणाचा हात मोडलाय?"

मी सांगितलं की थापा काढून टाका. का ते सांगितलं. या वेळी त्यांना दुसऱ्यांदा विचारावं लागलं नाही. ते वैतागले. लिहिलेलं खोडायचं म्हणजे त्यावर पुन्हा सही. तरी त्यांनी बाड उघडलं, कलम बुडवलं, ती ओळ काढली. "मग काय लिहू? लवकर बोल."

मी तोंड उघडलं आणि मिटलं. किसनकडे वळले. हातांनी विचारलं: तू सांग. फडात तुला सोड म्हणून कसं सांगायचं?

त्याने थोडा विचार केला. मग बाहेर गेला, अंगणातली मूठभर माती घेऊन आला आणि कोणी काही म्हणायच्या आत ती पेशकारांच्या डोळ्यांसमोर भिरकावली. बाडावर, मेजावर, त्यांच्या टोपीवर माती. पेशकार दचकून मागे झाले, डोळे मिटले, दोन्ही हात वर गेले, आणि मुठीत घट्ट धरलेलं कलम खाली पडलं.

जवान दारातून आत आला.

"सुटलं की," बापूकाका म्हणाले.

पेशकारांनी डोळे पुसले. बाडावरची माती त्यांनी लगेच झटकली नाही. कलम उचललं, बुडवलं, आणि किसनकडे बघत, मला न विचारता, त्यालाच हाताने खूण केली: एक मूठ, की दोन?